बर्फातला सुगत

सुगत मेश्रामच्या पहिल्या स्मृतिदिनाला बुढापारा मोहल्ल्यातल्या पोरांनी चौकात भलामोठा फ्लेक्स लावला, अन् तो बघून त्याच्या आईचं, कलावतीचं, टाळकंच फिरलं. बुढा तलावात पोहायला शिकलेला सुगत नौदलाच्या जहाजावर नाविक झाला होता. फ्लेक्सवर मात्र त्याचा चेहरा कुण्या दुसऱ्याच फौजीच्या धडावर चिकटवलेला. अंगात हिरवी चितकबरी वर्दी, हातात बंदूक, मागे बर्फाचे डोंगर. समुद्राचा कुठे थेंब नाही.

"बर्फ कुठून आणला रे?" ती कडाडली.

"चाची, शहीद का फोटो ऐसाच रहता है," फ्लेक्स बनवणारा विशाल चाचरत म्हणाला.

शहीद! वर्षभर तिनं तो शब्द ऐकून घेतला होता. भाषणं झाली, हार पडले, पण पोरगा गेला कसा, हे एकानंही विचारलं नाही. जहाज धक्क्याला बांधताना जुना दोर तुटला, त्याचा फटका छातीवर बसला अन् सुगत पाण्यात फेकला गेला. त्याच आठवड्यात तो फोनवर म्हणाला होता, "आई, दोर पार झिजला हाय. सांगून सांगून थकलो, पण बदलूनच नाही राहिले."

कलावतीनं स्टुलावर चढून फ्लेक्स टराटरा फाडला.

"माह्या पोराले दुश्मनानं नाही मारलं," ती म्हणाली. "पुन्हा छापा. पांढरी वर्दी द्या, मागं पाणी दाखवा. हातात बंदूक नको, तो तुटका दोर द्या. अन् हार घालाचाच असन, तर त्या दोराले घाला."