शिवणीतली माया

उल्हासनगरात चार नंबर कॅम्पात शालन घोरपडेच्या हाताला तोड नव्हती, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. नवरा अंबरनाथच्या कारखान्यात, घरात शिलाई मशीन. नव्वदनंतर दांडियाचं वेड असं काही पसरलं, की गणपती गेले रे गेले की मार्केटातला लछूशेठ आरशांची, गोंड्यांची कापडं तिच्या दारात आणून टाकायचा. "भाभी, इस साल पब्लिक को पीठ खुली मंगता है!"

"पाठ उघडी टाकून नाचायचं? काय मेली थेरं!" म्हणत शालन नाक मुरडायची आणि चोळी अशी शिवायची की बघणारीनं जागीच गिरकी घ्यावी.

त्या वर्षी घरात दोन पोरी होत्या. एक तिची हर्षा, दुसरी मोठ्या दिराची कुंदा, कॉलेजसाठी गावाहून आलेली. निघताना जाऊबाई म्हणाल्या होत्या, "शालन, तुझ्या पदरात टाकतेय गं पोरीला." कुंदा गुणाची. मशीनपाशी बसून हूक लावायची, बघता बघता बेतायलाही शिकली. नवरात्रात मैदानावर नाचायला जायचं म्हणून दोघी हरखल्या होत्या. कुंदानं तर कधी दांडिया हातात धरलेली नव्हती, बिचारी मागच्या गल्लीत दोन लाटणी घेऊन गिरक्या मारायची.

शालननं जांभळं कापड आणून दोघींना घागरा-चोळी बेतली. घरच्या पोरींच्या पाठी झाकलेल्या, हुकांच्या, हे काय सांगायला हवं? आता शिवणीच्या आत जे दोन बोटं जादा कापड ठेवतात, त्याला शिवणाऱ्या बायका माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची आणि माया सोडायची. हर्षाच्या चोळीत शालननं सढळ हातानं माया ठेवली. कुंदाची कापताना मात्र मनात आलं, हिला कुठे वर्षानुवर्षं घालायचीय? तेवढ्या कापडात हर्षाच्या घागऱ्याला झालर निघेल. निघाली की! आपला तो बाब्या, दुसरं काय.

माप श्रावणातलं, आणि नवरात्रापर्यंत कुंदानं चांगलं अंग धरलं. पहिल्या माळेला संध्याकाळी पोरी नटायला बसल्या, तर कुंदाच्या चोळीचे हूक काही केल्या लागेनात.

"आई करेल सैल," हर्षा म्हणाली.

"त्यात काय, मीच उसवते की," म्हणत कुंदानं चोळी उलटी केली.

कुंदानं एका काखेची शिवण चाचपली, मग दुसरी. "काकू, यात माया ठेवायची राहिलीय."

"कापड कमी पडलं गं," शालन म्हणाली. समोर हर्षाची झालर झुलत होती. कुंदानं झालरीकडे पाहिलं आणि चोळीची घडी घातली.

शालनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "थांब, ती झालर उसवते. काखेत तुकडे लावून देते आत्ताच्या आत्ता!"

"नको काकू, हर्षा हिरमुसेल. जाऊ दे तिला."

आणि देवाशपथ सांगते, शालनला हायसं वाटलं! आपली पोर झालरीसकट जाणार म्हणून हायसं वाटलं. या गोष्टीची तिला पुढे जन्मभर लाज वाटत राहिली.

हर्षा गेली. मैदानावर ढोल सुरू झाला. कुंदा शेठच्या उरलेल्या कापडापाशी बसली, खडूनं रेघ मारता मारता थांबली आणि तिनं विचारलं, "काकू, या चोळ्यांना माया किती ठेवू?"

साधंच विचारलं तिनं. त्यात टोमणा असता तर शालन दोन शब्द सुनावून मोकळी झाली असती.

"भरपूर ठेव गं बाई," ती कशीबशी म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून मोरीकडे पळाली.