डॉक्टरबाई आणि सातताईची हुशारी

डॉक्टरबाई रोज सकाळी माकडांना नमस्कार करीत, आणि तोही वयाच्या क्रमाने. आधी म्हाताऱ्या, मग प्रौढ, पिल्लांच्या वाट्याला नुसतं "काय रे टवाळांनो!" सोनईच्या अलीकडे एका मळ्यात जखमी आणि थकलेल्या माकडांसाठी जाळीचा मोठा निवारा होता. म्हातारपणी मेंदूचं काय होतं, याचा अभ्यास करायला साठीच्या या बाई पुण्याहून तिथे येऊन राहिल्या होत्या. माझा फोटो स्टुडिओ मोबाईलने बंद पाडला होता. नोंदी ठेवायला त्यांनी मला घेतलं.

शेजारच्या मळ्यातले आबा एकदा जाळीपाशी येऊन म्हणाले, "बाई, माकडं तपासता, तर आमच्या म्हातारीला बी बघा की. चष्मा कपाळावर आन् समद्या घराला शोधाया लावती."

"तिला बघू नंतर," बाई म्हणाल्या. "आधी तुम्ही सांगा, परवा नेलेली माझी बादली कुठंय?" आबा हसत हसत मागे फिरले. बादली आली नाही ती नाहीच.

अवघड गोष्ट गावच्या भाषेत सांगायची त्यांना हौस होती. "म्हातारपण वेगळं आणि अल्झायमर वेगळा. माकडांना तो माणसासारखा होतो का, हेही अजून पुरतं कळलेलं नाही. पण दोघांमध्ये कुठेतरी बांध असणार. तुमच्याकडे शेजारी टीचटीच बांध कोरतात ना? मला त्यातली पहिली टीच पकडायचीय."

माकडांना नावं द्यायला त्यांची बंदी होती. "नाव ठेवलं की माया जडते, आणि मायेने पेपर तपासता येत नाही." सगळ्यांना नंबर होते. फक्त सात नंबरच्या म्हाताऱ्या माकडिणीला त्या स्वतःच 'सातताई' म्हणत. मी टोकलं तर म्हणायच्या, "नंबरच आहे हो तो!"

चाचणी सोपी होती. माकडासमोर तीन वाट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली शेंगदाणा ठेवायचा. मध्ये थोडा वेळ फळी आडवी धरायची, मग काढायची. माकडाने बरोबर वाटी उचलली तर मी वहीत बरोबरची खूण करायचो. सुरुवातीला सातताई चुकायची. चुकली की रिकाम्या वाटीत बोट फिरवून माझ्याकडे बघायची. मला ते बघवेना. एके दिवशी मी पेनाचं टोक हळूच बरोबर वाटीकडे वळवलं. तिने ते लगेच ओळखलं. मग रोजच तसं होऊ लागलं. वहीत मी एकही खोटी खूण केली नाही, अशी मी मनाची समजूत घालत होतो.

तीन महिन्यांनी बाई पेढे घेऊन आल्या. "भाऊ, सातताईची आठवण सुधारली! एवढ्या वयात! आता हे लिहायलाच हवं." मी पेढा परत खोक्यात ठेवला. मी तिथेच सगळं सांगून टाकलं.

बाईंनी वही पुढ्यात ओढली. मग विचारलं, "का केलंत?"

"घरी आईचंही असंच चाललंय," मी म्हणालो. "कुणी काही विचारलं की तिच्याआधी मीच उत्तर देतो. लोकांना कळू नये म्हणून."

त्यांनी तीन महिन्यांच्या कागदांवर लाल रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'नोंद ठेवणाऱ्याच्या इशाऱ्यामुळे बाद.' मला वाटलं, आता नोकरी गेली. त्या म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही पडद्याआड बसून फटीतून बघायचं. तुमच्या स्टुडिओतला एखादा आहे का?" मी आणलेल्या पडद्यावर काश्मीरचं तळं आणि दोन शिकारे होते. पुढचे चार दिवस ते तळं बघण्याच्या नादात माकडांनी वाट्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाई पोट धरधरून हसत होत्या.

त्या रविवारी त्या भिंगारला आमच्या घरी आल्या. आईला विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी तोंड उघडलं. बाईंनी नुसता हात वर केला. "भाऊ, पडद्याआड!"

आई बोटांवर वार मोजू लागली. मग म्हणाली, "न्हाई आठवत. लई दिसापास्नं इसरतंय मला. पन ह्यो भितो ना, म्हनून मी बोलत न्हाई."

मी तिला झाकत होतो आणि ती मला. दुसऱ्याच दिवशी मी तिला नगरला तपासायला नेलं. आजार होताच. आधी आणलं असतं तर औषधं लवकर सुरू झाली असती, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ते महिने मी घालवले, हे मला विसरता येत नाही.

काम संपवून बाई गेल्या वर्षी पुण्याला परतल्या. निघताना त्यांनी दिलेल्या छापील लेखात पद्धतीच्या भागात एक ओळ आहे: नोंद ठेवणारा पडद्याआड बसला होता. ती ओळ का आली, हे आम्हा दोघांनाच ठाऊक.

अधूनमधून त्यांचा आईला फोन येतो. नाव सांगतात, तब्येत विचारतात. मी शेजारी बसलेला असतो, पण सुचवत नाही. परवा आई बराच वेळ फोन कानाला लावून विचार करत राहिली आणि म्हणाली, "तू कोन, ते काय मला ठावं न्हाई बाई. पन बोल. ग्वाड बोलतीस."