शनिवारची चूल

मुंबईहून आलेल्या एका विद्वानांचं व्याख्यान ऐकलं आणि माझं मन बिघडलं. नाशिकात आम्हा बेने इस्राएल यहुद्यांची घरं मोजकी, प्रार्थनालय नाही. त्यामुळे कोणी पाहुणा आला की कोणाच्या तरी ओसरीवर सतरंजी पडते आणि हारतुरे होतात. विषय होता सीनाय पर्वतावरचा साक्षात्कार, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटलेल्या आमच्या पूर्वजांना देवाने तिथे आज्ञा दिल्या तो प्रसंग. मेघगर्जना, धूर, पर्वताचं थरथरणं, सगळं वक्त्यांनी स्वतःच्या आवाजात करून दाखवलं आणि शेवटी बजावलं, की शब्बाथ, म्हणजे काम न करण्याचा, विस्तव न पेटवण्याचा शनिवार, मोडणाऱ्याच्या घरात बरकत राहत नाही. घरी परतताना मी बायकोला म्हणालो, "देव इतका वेळ बोलला असता तर आपले पूर्वज मिसर देशात परत गेले असते." सारू हसली नाही. खरं तर मलाही हसू येत नव्हतं.

मी कचेरीतला कारकून. शनिवारी कचेरी उघडी, म्हणून जात असे, आणि दुपारी इतरांसारखी विडीही पेटवत असे. घरात मात्र सारूचा नेम होता: शुक्रवारी दिवे लागले की दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत चुलीत विस्तव नाही. कोकणात आमचे पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. सारूला त्या नावाचा अभिमान. मी आपला दोन्हीकडून सुरक्षित होतो: पाप कचेरीत, पुण्य घरी.

त्याच सुमारास आमची सात वर्षांची एस्तर विषमज्वराने अंथरुणाला खिळली. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "ताप एकाएकी उतरेल आणि अंग गार पडेल. त्या वेळी लगेच गरम पेज आणि शेक. उशीर करू नका." सारूने एलियाहू नबीला, आमच्या जुन्या प्रेषिताला, मलिद्याचा नवस बोलला. मी रजा घेऊन घरात येरझारा घालू लागलो.

ताप उतरला तो शनिवारी दुपारी. पोरीचे पाय बर्फासारखे झाले, ओठ निळसर दिसू लागले. राखेत पुरून ठेवलेली पेज केव्हाच निवली होती. एरवी शनिवारी अडल्यास चूल पेटवून देणारी शेजारीण दिंडोरीला लग्नाला गेलेली. सारू पोरीला छातीशी धरून तिचे तळवे चोळत होती. ती म्हणाली, "अहो, चूल पेटवा."

जीव वाचवायला शब्बाथ मोडावा, असं आमचे जाणते सांगतात. हे मी आजवर चारचौघांना समजावून सांगितलं होतं. मी चुलीपुढे बसलो, लाकडं रचली, काडी हातात घेतली आणि माझा हात चालेना. इतकी वर्षं शनिवारी मी काड्या ओढल्या, तेव्हा कोणी पाहत नव्हतं. आज नेमका देव पाहत असेल आणि सगळ्याचा झाडा या पोरीकडून घेईल, असं काहीतरी मनात शिरलं. ज्या देवावर माझा विश्वास नव्हता, त्याला मी घामाघूम होऊन भीत होतो.

"अहो, कचेरीत विड्या ओढता ना? मग आता काय झालं?" सारू रडत ओरडली. तिला उठता येत नव्हतं. माझ्या हातात काडी मोडली. दुसरीही मोडली.

तेवढ्यात उघड्या दारात एक म्हातारी माळीण उभी राहिली. डोक्यावर वांग्यांची पाटी. "बाई, घोटभर पाणी देता का?" म्हणाली, आणि आत बघून पाटी खाली ठेवली. "भाऊ, पोर गार पडली अन् तुम्ही काडी धरून काय बसले? सरका."

तिने चूल पेटवली, फुंकली, पेज वर ठेवली. डोक्यावरची चुंबळ सोडून ते फडकं चुलीवर तापवलं आणि पोरीच्या पायांना गुंडाळलं. "लय नाजूक ठेवली हो पोर," एवढंच बोलली. चार घोट पोटात गेले, ओठांवर रंग आला. मग म्हातारीला पाणी मिळालं.

आमच्या शास्त्रात एलियाहूची एक गोष्ट आहे. तो जीव नकोसा होऊन रानात पडला, तेव्हा देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देऊन ऊठ, खा म्हणाला. मी ती गोष्ट कितीदा वाचली होती, पण त्यातला विस्तव मला त्या दिवशी दिसला.

बुधवारच्या बाजारात मी त्या माळणीला शोधून काढलं. ती नबीने धाडलेली कोणी नव्हे, जवळच्या मखमलाबादची होती, हे ऐकून, खोटं कशाला बोलू, माझी जराशी निराशाच झाली. आमच्या गल्लीत कशी आलीस, विचारलं. "वांगी खपली नव्हती," ती म्हणाली.

एस्तर हिंडूफिरू लागल्यावर आम्ही मलिदा केला आणि तिलाही बोलावलं. प्रार्थना होईपर्यंत ती दाराशी हात जोडून बसली. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं ओंजळीत घेऊन कपाळाला लावत तिने विचारलं, "कोणत्या देवाचं हो हे?"

"एलियाहू नबीचं."

"काय करतो तो?"

मला पुष्कळ सांगता आलं असतं. मी म्हणालो, "अडल्या वेळी दारात येतो म्हणतात."

"मग बरंय," ती म्हणाली आणि घरच्यांसाठी अर्धा प्रसाद पदराला बांधू लागली. देवाने कसं यावं, हे ठरवणं मी त्या दिवशी सोडून दिलं. खाली वाकून तिच्या पदरात आणखी दोन मुठी घातल्या.