पाचवा गडी

समुद्रकाठच्या स्प्लिट शहरात रविवारी सकाळी घरात सापडणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर परगावचा. विंको मातुलिच दोन्ही नव्हता. जहाजबांधणीच्या गोदीत वीजतंत्री म्हणून त्याने उभा जन्म काढला. सोमवार ते शुक्रवार जहाजांच्या पोटात शिरून अंधारात तारा ओढायच्या. त्यामुळे शनिवार उजाडला की त्याला डोक्यावर छप्पर नको व्हायचं. शनिवारी संध्याकाळी पाइनच्या झाडांखाली बोचे, म्हणजे लाकडी गोळे लोटायचा खेळ, ज्यात लोटणं थोडं आणि कुणाचा गोळा जवळ यावरून भांडण फार. आणि रविवार? रविवारांची त्याने आणि नेवेंकाने लग्नाच्या पहिल्याच वर्षी वाटणी करून टाकली होती. एक रविवार समुद्राचा, एक डोंगराचा. समुद्र त्याचा, डोंगर तिचा.

समुद्राच्या रविवारी तो बाच्वित्सेच्या किनाऱ्यावर पित्सिगिन खेळायचा. घोट्याएवढ्या पाण्यात पाच जण गोल करून उभे राहतात. टेनिसचा चेंडू, वरची लव भादरून गुळगुळीत केलेला, तळहाताने उडवायचा आणि पाण्याला टेकू द्यायचा नाही. झालं, एवढाच खेळ. गुण नाहीत, पंच नाही, जिंकणं नाही, हरणं नाही. परगावचे लोक विचारतात, मग शेवटी होतं काय? शेवटी कॉफी होते, असं विंकोच्या गोलातला लोव्रे सांगतो. उन्हाळ्यात कोणीही खेळेल. जानेवारीत चड्डीवर उतरेल तो खरा गडी.

विंकोचा गोल वर्षानुवर्षं तोच. निवृत्त बसचालक लोव्रे, ज्याचं पोट पाण्यावर पडलं की लाट किनाऱ्याला लागते. मासळीबाजारातले दोघे भाऊ, रोको आणि श्पिरो. आणि याक्शा, दातांचा डॉक्टर, जिभेला हाड नसलेला. 'दवाखान्यात तुम्ही तोंड उघडून बसता आणि मी गप्प असतो,' तो म्हणायचा, 'इथे उलट.' पित्सिगिन निम्मा तळहाताचा खेळ आणि निम्मा जिभेचा, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. चेंडू चुकला की टोमणा आलाच पाहिजे. 'अरे मार ना, चेंडू आहे तो, सासूबाईंनी दिलेलं अंडं नाही!' 'विंको, वाकत जाऊ नकोस लेका, तुझे गुडघे वाजले की लोकांना भूकंप वाटतो.' ज्याला टोमणे बसत नाहीत तो त्या गोलात पाहुणाच समजावा.

डोंगराच्या रविवारी मोसोर, गावामागचा डोंगर. नेवेंकाला समुद्र लांबून आवडायचा, वरून. ती हळू चालायची, वाटेत ऋषीपत्रीची सुवासिक पानं खुडायची, भेटेल त्याच्याशी बोलायची. विंको पुढे. मध्येच ती कुठल्यातरी दगडावर टेकायची आणि म्हणायची, 'तू हो पुढे, मी आलेच.' तीस-बत्तीस वर्षं ती हे म्हणत आली आणि तीस-बत्तीस वर्षं ती आलीच. म्हणून ऑक्टोबरातल्या त्या रविवारी ती तसं म्हणाली तेव्हा विंकोने मागे वळूनही पाहिलं नाही.

मागून येणाऱ्या दुसऱ्या मंडळींना ती तिथेच सापडली, दगडाला पाठ टेकून. हृदय. क्षणात झालं असणार, डॉक्टर म्हणाले. विंको तेव्हा वर, गिर्यारोहकांच्या विसाव्याच्या घरात होता. तिथे कोणीतरी आत येऊन त्याला सांगितलं. घरी परतल्यावर डब्लिनला मुलीला, दिंकाला, फोन करायचा म्हणून त्याने फोन हातात घेतला खरा, पण तो तसाच धरून उभा राहिला. शेवटी शेजारच्या तोंकामावशीने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि तिनेच काय ते सांगितलं.

तेव्हापासून विंकोला काही वाटेनासं झालं. एका कुशीवर झोपून हात बधिर व्हावा, तसा तो सगळाच झाला होता. अंत्यविधीला तो रडला नाही. लोक हात हातात घेऊन काहीबाही म्हणत होते, तो 'आभारी आहे' म्हणत होता, आणि पाद्र्याच्या बुटाची नाडी सुटली आहे हे मात्र त्याला स्पष्ट दिसत होतं. चर्चमधली सातव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि त्याच्या पुढच्याच रविवारी तो बाच्वित्सेला जाऊन पाण्यात उभा राहिला. वर्षभर काळं घालायचं ही इथली रीत. त्याने ती पाळली, इतकी की कपाटातून काळी पोहायची चड्डी शोधून काढली. लोव्रेच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. त्याने ते गिळलं.

वरच्या रस्त्यावर बायका थांबून बघत होत्या. कबरीवरची फुलं अजून सुकली नाहीत आणि हा बघा उड्या मारतोय. खरं तर विंको उड्या मारतच नव्हता. तो घरात बसू शकत नव्हता, एवढंच. बाहेर पडलं की पाय आपोआप जिकडे जायचे तिकडे तो जात होता, आणि मोसोरकडे जाणं शक्य नव्हतं. त्यामुळे आता सगळेच रविवार समुद्राचे झाले होते.

चौघांनी मात्र त्याला सांभाळायचं ठरवलं. माणसं चांगली असली की घोळ जास्त होतो. त्याच्याकडे येणारा चेंडू आता ताटात वाढल्यासारखा यायचा, छातीच्या उंचीला, मऊ. चुकला तरी 'चालायचंच', 'सावकाश, विंको, सावकाश'. याक्शा तर त्याच्याकडे वळताना आवाजच बदलायचा. दात उपटण्याआधी लहान मुलांशी बोलतो तो आवाज. टोमणे बंद झाले. गोल पाच जणांचा दिसायचा, पण खेळायचे चौघंच. विंकोला त्याचंही वाईट वाटत नव्हतं. आपल्याला वाईट वाटायला हवं होतं, असं मात्र अधूनमधून वाटायचं.

नाताळाला दिंका आली. आईचं कपाट तिने आवरलं, तोंकामावशीच्या गळ्यात पडून रडली, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी सुक्या कॉड माशाचा रस्सा वाढून बापासमोर बसली.

'बाबा, ती काही बोलली का रे?'

'तू हो पुढे म्हणाली.'

'आणि?'

'आणि मी झालो पुढे.'

'मग वर जाऊन काय केलंस?'

'बसलो.' त्याने रश्श्यात पाव बुडवला. 'मीठ जास्त झालंय का गं? मासा पुरता भिजला नव्हता वाटतं.'

दिंकाने चमचा खाली ठेवला. 'तिथे तू होतास. फक्त तू. मला विचारायला दुसरं कोणी नाहीये. आई मेली हे मला तोंकामावशीने सांगितलं, तू नाही.'

'त्या वेळी मला सुचलं नाही.'

'आता सुचतंय का?'

विंकोला सांगायचं नव्हतं असं नाही. एक गोष्ट होती, आणि ती फक्त त्यालाच ठाऊक होती. पण ती तोंडाशी आणली की तिला काही अर्थच उरायचा नाही. बस चुकली, दुकान बंद होतं, तशातलीच एक वाटायची. अशी गोष्ट मुलीला काय सांगायची? नंतरच्या आठवड्यात तिने पुन्हा विचारलं, मग पुन्हा. दर वेळी तेच. चढ होता, बसली, संपलं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो काळी चड्डी वाळत घालत होता तेव्हा ती गच्चीच्या दारात येऊन उभी राहिली.

'उद्या जाणार आहेस तू?'

'पाच जण लागतात.'

'बाबा, उद्या नववर्षाचा खेळ, अख्खं गाव असतं तिथे. टीव्हीवाले असतात. लोक आधीच काय काय बोलतायत.'

'पाच जण लागतात, दिंका.'

'बरं,' ती म्हणाली. 'परवा पहाटे माझं विमान आहे. उद्याचा एक दिवस आहे आपल्याकडे. सांगितलंस तर सांगितलंस. नाही तर मी ईस्टरला येणार नाही, आणि मग कधी येईन ते मलाही ठाऊक नाही. धमकी नाही देत. मला या घरात तुझ्यासमोर बसवत नाही.' तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर विंकोला सोपं गेलं असतं.

नववर्षाच्या सकाळी डोंगराकडून बुरा नावाचा गार वारा सुटला होता, अंग कापून काढणारा. आकाश लख्ख. किनाऱ्यावर ही गर्दी. बँड वाजतोय, कागदाच्या पुड्यांतून साखर भुरभुरलेले गोड वडे चाललेत, राकियाच्या, म्हणजे फळांच्या कडक दारूच्या, बाटल्या हातोहात फिरतायत. दरवर्षी या दिवशी पित्सिगिन खेळायचा आणि बाकीच्यांनी कोटात गुरफटून बघायचा, ही आमच्या गावाची पद्धत. पाण्यात तीन-चार गोल उभे होते. विंको आपल्या जागी उभा राहिला. घोट्यांना गार लागत असणार, असं त्याला वाटलं. किनाऱ्यालगतच्या भिंतीवर, गर्दीच्या कडेला, दिंका उभी होती. ती आली होती खरी, पण हात खिशात घालून.

याक्शाच्या पोटात राकियाचे दोन पेले होते आणि समोर प्रेक्षक. त्याची जीभ सुटली होती. लोव्रे पालथा पडला तेव्हा 'पाणी संपलं रे, लोव्रे उठ, बाकीच्यांना पण हवंय' असं म्हणून त्याने अख्खा किनारा हसवला. रोकोवर घसरला, श्पिरोवर घसरला, स्वतःवरही घसरला. चेंडू उंच जात होता, भाऊ मासळीसारखे पाण्यावर आडवे होत होते, लोक टाळ्या वाजवत होते. मग रोकोने नेहमीसारखा मऊ चेंडू विंकोकडे सोडला. विंकोने तो येताना पाहिला. त्याच्या पायांपुढे, हातभर अंतरावर, चेंडू पाण्यात पडला. विंको हललाच नाही.

'अरे विंको!' याक्शा गर्दीकडे तोंड करून ओरडला. 'मयताला आल्यासारखा काय उभा? कोण मेलंय?'

बाच्वित्सेवरचा हा सगळ्यात जुना टोमणा. थबकलेल्या गड्याला प्रत्येक जण हेच विचारतो. याक्शाने स्वतः तो जन्मात किती वेळा वापरला असेल त्याला सुमार नाही. जीभ सवयीने वळली, एवढंच. मागचे काही लोक हसले. मग ज्यांना ठाऊक होतं ते थांबले आणि त्यांनी बाकीच्यांना कोपर मारलं. याक्शाचा हात तोंडावर गेला होता. लोव्रे पाण्यात गुडघ्यांवर तसाच राहिला.

विंको त्या प्रश्नावर विचार करत होता. अडीच महिने लोक त्याला सांगत होते. ती आता सुखात आहे, देवाची इच्छा, खंबीर राहा. विचारलं कोणीच नव्हतं.

'नेवेंका,' तो म्हणाला. 'माझी बायको मेली, याक्शा.'

'विंको, अरे देवा, मी... माझ्या तोंडाला...'

'तू विचारलंस म्हणून सांगितलं.' त्याने वाकून चेंडू उचलला, याक्शाच्या हातात दिला आणि तो पाण्यातून बाहेर निघाला. खेळ अर्ध्यावर टाकून विंको कधीच बाहेर आला नव्हता. लोकांनी त्याला वाट दिली.

दिंका भिंतीवरून खाली उतरली होती. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, अंगावरून पाणी गळत होतं, ओठ निळे पडले होते.

'दिंका,' तो म्हणाला, 'आई मेली गं.'

तिने खिशातले हात बाहेर काढले. जणू ही बातमी ती आत्ताच ऐकत होती.

'वर पोचल्यावर मी दोघांसाठी घेवड्याचं कालवण मागवलं. त्यांनी दोन ताटल्या आणून ठेवल्या. ती येत नव्हती. मी माझं खाल्लं. मग तिचं निवायला लागलं.' त्याचे दात वाजत होते, त्यामुळे त्याला प्रत्येक शब्द वेगळा काढावा लागत होता. 'म्हणून तेही मी खाल्लं. पावाने ताटली पुसून खाल्लं. चांगलं झालं होतं. आणि मग तो माणूस आत आला आणि विचारायला लागला, निळ्या जाकिटातली बाई कोणाबरोबर आहे. मी जेवत होतो तेव्हा ती खाली एकटी होती, दिंका. आणि मला भूक लागली होती.'

दिंकाला हवं होतं ते हेच, आणि मिळाल्यावर त्याचं काय करायचं ते तिला कळेना. तिने कोट काढून त्याच्या ओल्या खांद्यांवर टाकला. बायकी कोट, तोकडा, पुढून बंद होईना. ती दोन्ही कडा मुठीत धरून उभी राहिली.

'तिचं खाल्लंस म्हणून चिडली असती ती,' शेवटी ती म्हणाली.

'फार चिडली असती,' विंको म्हणाला. 'खाली उतरेपर्यंत बोलत राहिली असती.'

त्या दिवशी तिच्या स्ट्रेचरमागून डोंगर उतरताना कोणी एक शब्दही बोललं नव्हतं.