टीमवर्क : वीसपैकी चार

गेल्या रविवारी सांगलीत आमच्या घरी कॉलेजची जुनी फुटबॉल टीम जमली. टीम म्हणजे आम्ही पाचच जण... बाकीचे कुठे कुठे पांगलेत. निमित्त हणमंतचं होतं. तो मिलिटरीत आहे, सुट्टीवर वडूजला आलेला, आणि खास आमच्यासाठी एसटीने सांगलीला आला.

मला फुटबॉलच्या व्हिडिओ गेमचं वेड आहे. त्यात आपल्याला हवे तसे खेळाडू तयार करता येतात, म्हणून महिनाभर खपून मी आमची अख्खी कॉलेज टीम बनवली होती. नावं, जर्सीचे नंबर... आमचा गोलकीपर शीतल, त्याला टक्कल पडायच्या आधीची हेअरस्टाईलसुद्धा!

प्रत्येक खेळाडूला वीसपैकी रेटिंग द्यायचं असतं. वेग, शूटिंग, पासिंग, टीमवर्क... यातला टीमवर्कचा आकडा वरवर किरकोळ वाटतो, पण तोच खेळ फिरवतो. तो कमी असला की खेळाडू कितीही वेगवान असो, बचावाला मागे येत नाही, मोकळ्या माणसाला पास देत नाही, नुसता लांबून गोलवर मारत सुटतो. आणि हाच आकडा चांगला असेल तर बेताचा खेळाडूसुद्धा शेजारच्या दोघांचा खेळ सुधारतो.

हणमंतला मी वेग अठरा दिला. शूटिंग सतरा. आणि टीमवर्क चार...

का, ते आमच्यात सगळ्यांना ठाऊक होतं. साताऱ्यातली ती फायनल. आम्ही एका गोलने मागे, शेवटची दोन मिनिटं. बॉल हणमंतकडे आणि मी गोलसमोर एकटा, हात वर करून ओरडतोय. त्याने माझ्याकडे बघितलं... आणि पास न देता अवघड कोनातून स्वतःच मारला. बॉल बारवरून गेला. आम्ही हरलो.

आम्हाला शिकवणाऱ्या फुटबॉलच्या सरांनी सगळ्यांसमोर त्याला स्वार्थी म्हटलं. शेवटच्या वर्षी कॅप्टन तोच होणार हे नक्की होतं, पण सरांनी त्याच्याऐवजी मला केलं. हा किस्सा गेली बारा वर्षं मी रंगवून रंगवून सांगत आलोय.

तर रविवारी चहा-भडंग झालं आणि टीव्हीवर मॅच लावली. गेममधला हणमंत अगदी तसाच वागला. चार वेळा गेममधला मी मोकळा होतो, चारही वेळा त्याने स्वतःच मारला. सगळे हसून हसून लोळले. शीतलने गेम थांबवून त्याचा तक्ता उघडला आणि "टीमवर्क चार!" म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं.

हणमंतही हसला. "ह्ये आकडं कोण टाकतं रं? कंपनी?"

"नाही, मीच!" मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

"बरं हाय," म्हणाला, आणि थोड्या वेळाने उठून बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही...

पाच वाजता त्याला स्टँडवर सोडायला गेलो. विट्यामार्गे वडूजला जाणारी गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवता ठेवता तो वळला आणि सहज विचारलं, "तुजा घोटा दुखतो का रं अजून?"

कुठला घोटा? क्षणभर मला समजेना. मग आठवलं... सेमीफायनलला माझा उजवा घोटा मुरगळला होता. सरांना कळलं असतं तर फायनलला बाहेर बसवलं असतं. हॉस्टेलच्या खोलीत हणमंतनेच मला क्रेप बँडेज बांधून दिलं होतं. दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

"हण्या... म्हणून पास दिला नाहीस?"

"मग काय! तू लंगडत व्हतास. त्या पायानं मारायला गेला असतास तर कायमचा अधू झाला असतास."

"अरे, मग सरांना सांगायचं की तेव्हा!"

"तूच म्हणला व्हतास न्हवं, कुणाला सांगू नको म्हणून?" त्याच्या आवाजात राग नव्हता. "दुसरं कुणी काय बी म्हणलं तर मला काय वाटत न्हाई गड्या. पन त्यो चारचा आकडा तू सोता टाकलास..."

कंडक्टरने बेल मारली. तो आत गेला. गाडी हलली, साधं सॉरी म्हणायचंही राहून गेलं.

घरी येऊन आधी तो आकडा बदलायला बसलो. मग टीव्हीच बंद केला. आकडा बदलून फक्त मलाच बरं वाटलं असतं.

खरं सांगतो, स्टँडवर मी नवल केलं, पण आत कुठेतरी मला हे तेव्हापासूनच माहीत होतं. घोटा माझाच होता ना... त्या दिवशी बॉल माझ्याकडे आला नाही तेव्हा मला आधी हायसं वाटलं होतं. राग नंतर आला, सर ओरडायला लागल्यावर. आणि तो राग मला सोयीचा होता, म्हणून मी तो बारा वर्षं जपला.

सगळं ग्रुपवर लिहिलं. शीतलचा लगेच फोन आला, "तो आकडा मीच ओरडून वाचला रे," म्हणाला. सरांनाही फोन केला. ते एवढंच म्हणाले, "तू तिथंच तर उभा होतास. तेव्हाच बोलायचं होतंस." हणमंतने ग्रुपवर लिहिलं, "जाऊ द्या रं आता."

त्याची सुट्टी संपायला चार दिवस उरलेत. उद्या वडूजला जातोय, समोर बसून माफी मागायला. तो माफ करील, नव्हे, त्याने कधीच केलंय... पण त्याचं ते शेवटचं वर्ष मी कुठून परत आणून देऊ?