मुंगुसाचं अनेकवचन

लेकीकडे इंग्लंडला राहायला गेले, तेव्हा तिने मला तिथल्या वाचनालयातल्या इंग्रजीच्या वर्गात घातलं. परदेशांतून आलेल्या आम्हा बायकांना एक निवृत्त शिक्षिका बोलायला शिकवायच्या. उच्चार चुकेल या धास्तीने मी गप्पच बसायची.

एकदा त्यांनी फळ्यावर 'माँगूस' हा शब्द लिहून अनेकवचन विचारलं. 'गूस' म्हणजे बदकासारखा पक्षी, त्याचं अनेकवचन 'गीस' होतं, हे आम्ही नुकतंच शिकलो होतो.

"माँगीस!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

बाई हसल्या. "नाही, माँगूसेस. त्या पक्ष्याशी याचं काही नातं नाही. हा शब्द भारतातून आलाय, मराठी नावाच्या भाषेतून."

माझा हात आपोआप वर गेला. "ती माझी भाषा आहे. आम्ही मुंगूस म्हणतो."

"पुन्हा म्हणा ना," बाई खडू खाली ठेवून म्हणाल्या.

मी म्हटलं, आणि अख्खा वर्ग माझ्यामागून म्हणाला, "मुंगूस!"

माझ्या मनात आलं: आमच्या किनाऱ्यावर कधीतरी कुणा परक्या खलाशाने कुंपणातून सर्रकन गेलेलं जनावर पाहून विचारलं असेल, "हे काय?" अंगण झाडणाऱ्या एखाद्या बाईने केरसुणी न थांबवता सांगितलं असेल. आपला शब्द एवढ्या लांब जाईल, हे तिच्या गावीही नसेल.

त्या दिवशी परतताना बसच्या ड्रायव्हरला मी माझ्या स्टॉपचं नाव खणखणीत आवाजात सांगितलं. त्याला एकदाही पुन्हा विचारावं लागलं नाही.