एक ठोका म्हणजे थांब

बाबांना इंग्रजी येत नव्हतं, आणि म्हणूनच माझ्या इंटरव्ह्यूची तयारी आपण घ्यायची असं त्यांनी ठरवलं. मला ते कारण उलटं वाटलं. पण आईच्या तोंडून आलेलं त्यांचं म्हणणं सरळ होतं. "तू काय बोलते ते समजनारे तिथं बसलेच रायतीन. मी फक्त आवाज पायतो."

आवाज हीच माझी अडचण होती. तुमसरच्या कॉन्व्हेंटमध्ये हजेरीला मी म्हटलेलं 'प्रेझेंट' टीचरपर्यंत पोचायचं नाही आणि वर्गात बसलेली असताना माझी गैरहजेरी लागायची. शाळेत माझ्या मराठीला हसत, घरी पाहुण्यांपुढे माझं इंग्रजी बोलून दाखवायला लावत. दोन्हीकडून सुटायचा एकच मार्ग मला सापडला होता, गप्प राहणं. पेपर चांगले जायचे. पदवीही चांगल्या मार्कांनी मिळाली. पण समोर माणूस बसला की वाक्याच्या शेवटापर्यंत माझा आवाज टिकत नसे.

बाबा चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत होते. शाफ्टच्या, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीच्या, तोंडाशी उभं राहून घंटी द्यायची, हे त्यांचं काम. पिंजरा खाली-वर करणारा ऑपरेटर लांब इंजिनघरात बसतो. त्याला पिंजऱ्यात काय आहे ते दिसत नाही, तो घंटीवर चालतो. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे खाली. चार म्हणजे वर. आणि तीन म्हणजे आत माणसं बसली आहेत, दगड नाहीत, जपून ने. आमच्या कॉलनीतल्या पोरांना हे पाढ्यांच्या आधी पाठ व्हायचं. बाबा जेवतानाही घंटी द्यायचे. भात पुरे झाला की ताटावर बोटाने एक ठोका. आई पळी हातात तशीच धरून म्हणायची, "मी काय इंजिनवाली हावो? तोंडानं सांगा ना जी."

पुढे तोंडानं सांगणं बंदच झालं. गालाच्या आत एक चट्टा होता, बरेच दिवस. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ल्यामुळे सोललं असेल म्हणून त्यांनी तो लपवला, आणि खर्राही चालूच ठेवला. नागपूरला ऑपरेशन झालं तेव्हा जबड्याचा एक भाग आणि जिभेचा काही भाग काढावा लागला. घरी आल्यावर ते थोडं बोलत. आईला कळायचं, मला अर्धं कळायचं, शेजाऱ्यांना काहीच नाही. समोरचा माणूस "काय? काय म्हनलं?" असं दोनदा विचारायचा, त्यानंतर बाबांनी आईच्या कानाशी पुटपुटण्यापलीकडे बोलणं सोडून दिलं.

त्याच सुमारास भंडाऱ्याच्या एका बँकेतून मला इंटरव्ह्यूसाठी बोलावणं आलं. आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "त्यायच्या डोळ्यासमोर लागून जाऊ दे वो." एवढंच. बाबा पुन्हा शाफ्टवर जाणार नाहीत हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. घरात ते वाक्य कुणी उच्चारत नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबांनी खाटेशेजारचा स्टीलचा ग्लास रिकामा केला, चमचा घेतला आणि मला समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची खूण केली. मी "माय सेल्फ" म्हटलं, आणि ग्लासावर एक ठोका पडला. थांब. मग चार. वर. आवाज वर घे.

रोज संध्याकाळी हे चालायचं. घाईघाईने बोलू लागले की दोन ठोके, म्हणजे खाली उतर, सावकाश. आवाज बुडाला की चार. वाक्य अडखळलं किंवा मी जमिनीकडे बघून बोलले की एक. इंग्रजी येत नसतानाही मी कुठे खोटं बोलतेय हे त्यांना कळायचं. 'माझी बलस्थानं' या प्रश्नाला मी पुस्तकातलं उत्तर पाठ केलं होतं. त्यावर दरवेळी एक ठोका पडायचा. शेवटी मी ते उत्तर टाकून दिलं.

शेजारच्या काकू दारातून डोकावून गेल्या. "आत गेल्यावर का म्हनशील वो? जयभीम का गुडमॉर्निंग?"

"गुडमॉर्निंग," मी म्हटलं.

बाबांनी ग्लासावर चार ठोके दिले. काकू दचकल्या. आई हसत म्हणाली, "मोठ्यानं म्हन म्हनून रायले ते."

"मले वाटलं मले हाकलून रायले," काकू म्हणाल्या.

जायच्या आदल्या संध्याकाळी मी सगळी उत्तरं एका दमात दिली. ग्लास वाजला नाही. बाबा चमचा मांडीवर ठेवून ऐकत होते. त्यांना एक शब्द कळत नव्हता, पण त्यांचा चेहरा शाफ्टवरून घरी येतानाचा होता, सगळी माणसं वर आली की असायचा तसा.

भंडाऱ्याला मी इस्त्री केलेला ड्रेस घालून गेले. समोर तिघं बसले होते. मी आत जाऊन गुड मॉर्निंग म्हटलं आणि ते त्यांना ऐकू गेलं. स्वतःबद्दल सांगा, असं मधल्या साहेबांनी म्हटलं. मी सुरू केलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता, इतका स्पष्ट. उजवीकडच्या साहेबांच्या हातात पेन होतं. ऐकता ऐकता त्यांनी ते टेबलाच्या काचेवर एकदा वाजवलं.

मी थांबले.

वाक्याच्या मधोमध, तोंड उघडं ठेवून. "हां, बोला ना," मधले साहेब म्हणाले. मी पुन्हा सुरू केलं. पेन पुन्हा वाजलं. मी पुन्हा थांबले. त्या माणसाला नुसती सवय होती, त्याचं माझ्याकडे लक्षही नसावं. पण माझ्या अंगात कुणीतरी ब्रेक लावत होतं. तिसऱ्यांदा थांबल्यावर मला पुढचा शब्दच आठवेना. डावीकडच्या मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि तो बशीला लागून वाजला. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. निघताना मॅडम फार मायेने म्हणाल्या, "यू नीड टु वर्क ऑन युवर कॉन्फिडन्स, बेटा."

एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. घरी काय सांगायचं हे तुमसर येईपर्यंत ठरवत होते, आणि काहीच ठरलं नाही.

बाबा खाटेवर वाट बघत होते. आईने पाणी दिलं. मी सगळं जसं झालं तसं सांगितलं, पेन, काच, बशीसकट. आई डोक्याला हात लावून खाली बसली. बाबांचे खांदे हलायला लागले. शिवलेला गाल एका बाजूला ओढला गेला, डोळ्यांतून पाणी आलं, घशातून चिरका आवाज आला. मी घाबरून उठले. आई म्हणाली, "हसून रायले वो. हसून रायले ते."

ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा हसत होते. मग मीही हसले. मग त्यांचं ते हसणं कुठे संपलं आणि दुसरं काय सुरू झालं ते कळलं नाही. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मी ग्लास आत नेऊन ठेवला.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी तो परत मागवला. मी खुर्चीत बसले, बोलायला लागले, एक ठोका पडला. मी थांबले. त्यांनी जोरात मान हलवली, नाही, आणि हाताने पुढे जायची खूण केली. पुन्हा ठोका. पुन्हा मान. ते काय करताहेत हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. ते मला त्यांच्याच घंटीवर न थांबायला शिकवत होते.

या माणसाने नोकरीभर दुसरं काही केलं नव्हतं. एक ठोका पडला की थांबायचं, कुणीही असो. एकदा एका साहेबाने घाईत असताना त्यांच्या घंटीकडे दुर्लक्ष केलं होतं, तेव्हा ते त्याच्याशी भांडले होते आणि घरी येऊन जेवले नव्हते. तेच बाबा आता ग्लासावर, खाटेच्या पाइपावर, भिंतीवर कुठेही चमचा मारत होते आणि मी थांबले की रागावत होते. हळूहळू मला जमायला लागलं. ते ठोकत, मी बोलत राही. आई तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "आता दोघंबी पागल झाले." पण माझं वाक्य न अडखळता शेवटाला गेलं की बाबांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं त्यात आनंद होता आणि आणखीही काही होतं. मला ते बघवायचं नाही. मी भिंतीकडे बघून बोलायचे, आणि त्याबद्दल ते रागावत नसत.

धान कापणीला आला तेव्हा त्यांचं खाणं गेलं. नागपूरला न्यायला गाडी बोलावली. ओळखीतल्या माणसाची व्हॅन होती, मागची सीट काढून गादी टाकली होती. आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी पायाशी. ड्रायव्हरने दार ओढलं, गाडी सुरू केली. तेव्हा बाबांनी हात उचलून व्हॅनच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोके दिले. एक, दोन, तीन.

"काय झालं जी? थांबू का?" ड्रायव्हरने मागे बघून विचारलं.

"नाही. निघा," मी म्हटलं. "माणसं बसली आहेत. हळू चालवा."

माझा आवाज त्या बंद गाडीत मोठा आला. बाबांनी डोळे मिटले. ते घरी परत आले नाहीत.

पुढे उन्हाळ्यात भंडाऱ्याच्याच एका दवाखान्यात, विम्याच्या काउंटरसाठी इंटरव्ह्यू झाला. बाहेर बांधकाम चालू होतं, हातोडे सतत पडत होते. मी थांबले नाही. तुम्ही खूप कॉन्फिडंट आहात, असं ते म्हणाले. मी थँक्यू म्हटलं. नोकरी लागली. पहिल्या दिवशी निघताना आईने बाबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली, आणि मला दारात काही बोलायचं होतं ते तिने बोलू दिलं नाही. "बस निघून जाईन," म्हणाली.

आता दिवसभर माझ्याशेजारी रबरी शिक्का आपटत असतो आणि मी पेशंटच्या माणसांशी बोलत असते. आवाज पोचतो. फक्त घरी, सकाळी, आई चहात साखर ढवळताना चमचा ग्लासाला लागला, की मी बोलता बोलता थांबते.

आईच्या ते लक्षात आलं असावं. हल्ली ती साखर पातेल्यातच घालून आणते.